निवडीचा अभ्यास आणि धोरणाची घडण : प्रस्तावना

ऊर्जा आणि पर्यावरण यांविषयीचे कोणतेही सार्वजनिक धोरण कागदावर कितीही नेटके असले, तरी ते तडीस जाते ते असंख्य घरांत रोज घेतल्या जाणाऱ्या लहान-मोठ्या निर्णयांच्या बळावर. छतावर सौर पॅनेल बसवायचे की नाही, नवी दुचाकी पेट्रोलची घ्यायची की विजेची, कामावर जाताना स्वतःची गाडी काढायची की बस किंवा मेट्रो धरायची, ओला आणि सुका कचरा वेगळा करायचा की एकाच बादलीत टाकायचा, हे सारे निर्णय नागरिक आपापल्या सोयीने, ऐपतीने आणि समजुतीने घेत असतात. शासन अनुदान जाहीर करते, नियामक आयोग विजेचे दर ठरवतो, महापालिका मिळकतकरात सवलत देते. परंतु या साऱ्याला लोक कसा प्रतिसाद देतील याचा अंदाज चुकला, तर तरतूद केलेला निधी पडून राहतो, बांधलेली सुविधा ओस पडते आणि दोष मात्र लोकांच्या उदासीनतेला दिला जातो. असा अंदाज अनुभवी अधिकाऱ्याच्या मतावर न सोडता पुराव्याच्या आधारे बांधण्याची जी पद्धती गेल्या अर्धशतकात विकसित झाली, तिला निवड-प्रतिमान पद्धती किंवा चॉइस मॉडेलिंग म्हणतात. या पद्धतीचे प्रशिक्षण कशासाठी द्यावे, कोणत्या क्रमाने द्यावे आणि त्यात पुण्यासारख्या शहराला विशेष स्थान का आहे, हे स्पष्ट करणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

पुण्यात या विषयाची पायाभरणी वेगळ्या नावाने फार पूर्वीच झालेली आहे. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी झाली, तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांचा गाडगीळांचा अभ्यास १९४८ चा; सार्वजनिक प्रकल्पाचे मोल केवळ सरकारी तिजोरीत जमा होणाऱ्या पाणीपट्टीवरून ठरत नाही, हा विचार त्यात शेतकऱ्यांच्या घरापर्यंत जाऊन तपासलेला आहे. पुढे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, त्याचाही आधार कुटुंबांच्या खर्चाची आकडेवारी हाच होता. या परंपरेने लोक काय मिळवतात, काय खर्च करतात आणि कसे राहतात हे काटेकोरपणे विचारायला शिकवले. निवड-प्रतिमान पद्धती त्यापुढचा प्रश्न विचारते : एखादी गोष्ट मिळवण्यासाठी लोक दुसरे काय सोडायला तयार आहेत? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात परिस्थितीचे चित्र मिळते, तर दुसऱ्याच्या उत्तरात बदलाची शक्यता दिसते. धोरणकर्त्याला दोन्हींची गरज असते, आणि पहिल्या प्रश्नाची शिस्त अंगी बाणल्याशिवाय दुसरा प्रश्न नीट विचारता येत नाही.

पद्धतीमागची मूळ कल्पना साधी आहे. मनुष्य जेव्हा अनेक पर्यायांतून एकाची निवड करतो, तेव्हा तो त्या वस्तूच्या नावापेक्षा तिच्या गुणधर्मांचा विचार करतो, असे केल्विन लँकेस्टर यांनी १९६६ मध्ये मांडले. प्रत्येक पर्यायातून मिळणाऱ्या समाधानाला अर्थशास्त्रात उपयोगिता म्हणतात. या उपयोगितेचा काही भाग किंमत, वेळ, अंतर अशा मोजता येण्याजोग्या गुणधर्मांतून येतो, तर उरलेला भाग संशोधकाला दिसत नसल्याने तो यादृच्छिक, म्हणजे योगायोगाच्या नियमांनी चालणारा, मानावा लागतो. मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांनी १९२७ मध्ये तुलनात्मक निर्णयांविषयी मांडलेला नियम हे या विचाराचे उगमस्थान; त्याला आर्थिक सिद्धान्ताची आणि संख्याशास्त्राची पक्की बैठक दिली ती डॅनियल मॅकफॅडन यांनी. त्यांच्या लॉजिट प्रतिमानात दोन पर्यायांच्या उपयोगितेतील फरकावरून निवडीची संभाव्यता काढता येते : फरक शून्य असेल तर दोन्ही पर्याय निवडले जाण्याची शक्यता निम्मी-निम्मी, फरक १ असेल तर सरस पर्यायाची शक्यता सुमारे ७३ टक्के, आणि फरक २ असेल तर सुमारे ८८ टक्के. म्हणजे सरस पर्यायही प्रत्येकजण निवडतो असे नाही, ही प्रत्यक्ष जीवनातील वस्तुस्थिती या गणितात आरंभापासून गृहीत धरलेली आहे.

या सिद्धान्ताची कसोटी लागली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९७२ साली सुरू झालेल्या बार्ट या जलद रेल्वेच्या निमित्ताने. ही रेल्वे किती लोक वापरतील याचा अधिकृत अंदाज १५ टक्के होता. मॅकफॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेल्वे सुरू होण्यापूर्वी कामावर जाणाऱ्यांच्या प्रवासाची माहिती गोळा करून जे प्रतिमान बांधले, त्याने ६.३ टक्के हा आकडा दिला, आणि प्रत्यक्षात तो ६.२ टक्के निघाला. मॅकफॅडन यांना २००० साली जेम्स हेकमन यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे हीच पद्धती होती. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली, २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी या बससेवांच्या एकत्रीकरणातून पीएमपीएमएल उभी राहिली, २०१९ मध्ये विजेवरच्या बसगाड्या रस्त्यावर आल्या आणि मार्च २०२२ मध्ये मेट्रोचे पहिले टप्पे खुले झाले. दुचाकींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नगरात माणूस दुचाकी सोडून बस किंवा मेट्रो केव्हा धरतो, हा प्रश्न वाहतुकीचा तर आहेच, पण तितकाच इंधनाचा आणि हवेचाही आहे. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोचा तो धडा पुणेकर अभ्यासकाला परका वाटण्याचे कारण नाही.

लोकांच्या निवडीची माहिती दोन मार्गांनी मिळते. प्रत्यक्ष वर्तनातून दिसणाऱ्या पसंतीला प्रकट पसंती म्हणतात. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे सभासद दारोदार कचरा गोळा करतात आणि त्याबद्दल घराघरातून दरमहा शुल्क घेतात; कोणत्या भागातील कुटुंबे हे शुल्क नियमित देतात आणि कोणत्या भागातील टाळतात, ही प्रकट पसंतीची नोंद होय. परंतु जो पर्याय अजून अस्तित्वातच नाही, त्याच्याविषयी अशी नोंद कोठून मिळणार? तेथे घोषित पसंतीचा मार्ग घ्यावा लागतो, म्हणजे उत्तरदात्यापुढे काल्पनिक पण शक्य कोटीतले पर्याय ठेवून त्यांतून एक निवडायला सांगावे लागते. जॉर्डन लुव्हिएर आणि जॉर्ज वुडवर्थ यांनी १९८३ मध्ये या मार्गाला प्रयोगांच्या शास्त्रशुद्ध आखणीची जोड दिली आणि तेव्हापासून त्याचा वापर झपाट्याने वाढला.

अशा पाहणीत वापरल्या जाणाऱ्या एका निवडपत्राकडे जवळून पाहिले, म्हणजे पद्धतीचे मर्म ध्यानात येते. विजेवरच्या दुचाकीविषयीच्या निवडपत्रात तीन रकाने आहेत असे मानावे. पहिल्या रकान्यातील दुचाकीची किंमत १,२०,००० रुपये, एका चार्जिंगमध्ये ती ९० किलोमीटर जाते आणि चार्जिंगची सोय राहत्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आहे. दुसऱ्या रकान्यातील दुचाकी ९५,००० रुपयांना मिळते, ७० किलोमीटर जाते, पण चार्जिंगसाठी एक किलोमीटरवरच्या केंद्रात जावे लागते. तिसऱ्या रकान्यात ‘यांपैकी एकही नको, पेट्रोलचीच गाडी वापरेन’ एवढेच लिहिलेले असते. उत्तरदाता एका रकान्यावर खूण करतो, मग आकडे बदललेले दुसरे पत्र त्याच्यापुढे येते, मग तिसरे. शेकडो माणसांच्या अशा खुणांवरून प्रत्येक गुणधर्माचे वजन, म्हणजे गुणक, काढला जातो. समजा, किंमत दर हजार रुपयांनी वाढली की उपयोगिता ०.०५ ने घटते आणि इमारतीत चार्जिंगची सोय असली की ती ०.६ ने वाढते असे आढळले, तर ०.६ ला ०.०५ ने भागून येणारे १२ याचा अर्थ असा, की घरच्या चार्जिंगची सोय लोकांना सरासरी १२,००० रुपयांच्या मोलाची वाटते. हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. पण प्रत्यक्ष पाहणीत असे काही हाती आले, तर गाडीच्या किमतीवर अनुदान देण्याऐवजी जुन्या इमारतींच्या पार्किंगमध्ये वायरिंग करून देणे अधिक फलदायी ठरेल का, हा प्रश्न आकड्यांच्या आधारे तपासता येतो. तिसऱ्या रकान्याचे महत्त्वही येथेच कळते, कारण ‘आहे तेच बरे’ म्हणण्याची मुभा नसलेल्या पाहणीत प्रत्येक नव्या वस्तूला भरघोस मागणी असल्याचा भास होतो.

ऊर्जाक्षेत्रात या पद्धतीला मोठे कार्यक्षेत्र आहे. डेव्हिड रेव्हेल्ट आणि केनेथ ट्रेन यांनी १९९८ मध्ये कुटुंबांनी रेफ्रिजरेटर निवडताना कार्यक्षमतेला, सवलतीला आणि कर्जाला किती महत्त्व दिले, याचा अभ्यास केला. भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये सुरू केलेल्या विद्युत उपकरणांच्या तारांकन योजनेबाबतही हेच प्रश्न विचारण्याजोगे आहेत. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या घरगुती सौर संचाला कमाल ७८,००० रुपयांचे अनुदान आहे, तर पुणे महापालिका सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण किंवा गांडूळखत यांची सोय करणाऱ्या मिळकतींना करात ५ ते १० टक्के सवलत देते. एकरकमी अनुदान आणि वर्षानुवर्षे मिळणारी छोटी सवलत यांपैकी कुटुंबाला काय अधिक भावते? वीज ग्राहकहक्क नियमांत २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार सूर्यप्रकाशाच्या तासांत विजेचा दर किमान २० टक्क्यांनी कमी ठेवण्याचे धोरण आले. परंतु कपडे धुण्याचे यंत्र किंवा पाण्याचा पंप दुपारी चालवणे दिवसभर बाहेर कामाला असणाऱ्या कुटुंबाला शक्य आहे काय? महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढील सार्वजनिक सुनावण्यांत ग्राहकांच्या बाजूने आकडेवारीनिशी बोलण्याची परंपरा पुण्यातील ‘प्रयास’सारख्या संस्थांनी घडवली आहे. निवड-प्रतिमान पद्धतीत तयार झालेले अभ्यासक त्या परंपरेत मोलाची भर घालू शकतील.

पर्यावरणाच्या क्षेत्रात काम अधिक नाजूक होते, कारण तेथे अनेक गोष्टींना बाजारभावच नसतो. अलास्काच्या किनाऱ्यावर १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ या जहाजातून तेलगळती झाली, तेव्हा लोकांना विचारून निसर्गाच्या हानीचे मोल ठरवणे कितपत विश्वासार्ह आहे, यावर मोठा वाद झाला आणि केनेथ ॲरो व रॉबर्ट सोलो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये अशा पाहण्यांसाठी कडक निकष घालून दिले. भारतात वनजमीन अन्य कामांसाठी वळवताना आकारायच्या निव्वळ वर्तमान मूल्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, कांचन चोप्रा समितीने त्यावर अहवाल दिला आणि २००८ मध्ये न्यायालयाने जंगलाच्या प्रकारानुसार हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपयांचे दर मान्य केले. पुण्यात मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या जायका संस्थेच्या साहाय्याने सुमारे ९९० कोटी रुपयांचा प्रकल्प हाती घेण्यात आला, आणि नदीकाठ बांधून काढावा की नैसर्गिक काठ व त्यावरची झाडी राखावी, यावर शहरात गेली काही वर्षे तीव्र मतभेद आहेत. नदीच्या निवडपत्रात पाण्याची दुर्गंधी, काठावरची झाडी, पुराचा धोका, फिरण्याची वाट आणि मिळकतकरातील वाढ हे गुणधर्म वेगवेगळ्या पातळ्यांवर मांडता येतात. परंतु पुण्यातील उत्तरदाता ‘कर तर आधीच भरतो, नदीसाठी वेगळे पैसे कशाला?’ असे म्हणून सद्यस्थितीच्या रकान्यावर खूण करील, तर त्याला नदीची पर्वा नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. ते निषेधाचे उत्तर आहे. ते ओळखून वेगळे नोंदवणे आणि पैसे कोणत्या मार्गाने मागितले तर लोकांना रास्त वाटेल हे आधी गटचर्चांतून समजून घेणे, हा प्रशिक्षणाचा अत्यावश्यक भाग आहे.

प्रतिमानांच्या मर्यादाही प्रशिक्षणार्थ्याला सुरुवातीलाच कळायला हव्यात. एखाद्या मार्गावर निम्मे लोक दुचाकीने आणि निम्मे लाल बसने जातात, आणि निम्म्या बसगाड्यांना निळा रंग दिला, तर साधे लॉजिट प्रतिमान लाल बस, निळी बस आणि दुचाकी यांना प्रत्येकी एकतृतीयांश वाटा देते, म्हणजे नुसत्या रंगाने बसचे प्रवासी निम्म्यावरून दोनतृतीयांश झाले असे सांगते. असंबद्ध पर्यायांपासूनच्या स्वातंत्र्याचे जे गृहीतक या प्रतिमानात आहे, त्याचा हा दोष. पर्यायांचे गट पाडणारे नेस्टेड लॉजिट आणि माणसामाणसांतील पसंतीचा फरक सामावून घेणारे मिश्र लॉजिट यांनी तो बऱ्याच अंशी दूर केला. पाहणीच्या आखणीतही अशीच मर्यादा येते : पाच गुणधर्म आणि प्रत्येकाच्या तीन पातळ्या घेतल्या, तर २४३ पर्याय आणि त्यांच्या २९,४०३ जोड्या होतात. एवढ्या जोड्या कोणालाही विचारता येत नाहीत, म्हणून त्यांतून मोजक्या पण पुरेशी माहिती देणाऱ्या जोड्या निवडण्याचे शास्त्र शिकावे लागते. गणनेसाठी बायोजेम, अपोलो यांसारखी साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत, त्यामुळे महागड्या सॉफ्टवेअरअभावी हे शिक्षण अडून राहण्याचे दिवस सरले.

नेमक्या याच सुलभतेमुळे एक धोका वाढला आहे. प्रशिक्षणाचा बहुतेक वेळ संगणकावरच्या गणनेला दिला जातो आणि प्रश्नावलीचे काम एखाद्या सत्रात उरकले जाते. वास्तविक चुकीच्या प्रश्नाचे उत्तर कितीही प्रगत प्रतिमानातून काढले, तरी ते चुकीचेच राहते. पुण्यात ‘सोलर’ म्हटले की पुष्कळ घरांत गच्चीवरचा पाणी तापवण्याचा बंब डोळ्यांसमोर येतो. हे प्रगणकाला, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती घेणाऱ्याला, ठाऊक नसेल तर विजेच्या पॅनेलविषयीची सारी उत्तरे बंबाविषयी मिळतात. किलोवॉट-तासापेक्षा महिन्याच्या वीजबिलाची रक्कम लोकांना अधिक कळते. गृहनिर्माण संस्थेतील गच्ची सामाईक असते, म्हणून एकट्या सदनिकाधारकाची पसंती विचारून भागत नाही. वार्षिक सभेत ठराव कसा मंजूर होतो हेही पाहावे लागते, आणि भाडेकरूला तर गच्चीविषयी मतच विचारले जात नाही. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा आणि खरकट्यापासून बायोगॅस यांवर काम केले व २००२ आणि २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळवला. अशा इंधनावर चालणाऱ्या चुलीविषयीचे निवडपत्र घरातील पुरुषाकडून भरून घेतले, तर धूर सोसणाऱ्या आणि स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीची पसंती नोंदलीच जात नाही. म्हणून प्रशिक्षणाचा क्रम वस्तीतील गटचर्चेपासून सुरू व्हावा. त्यानंतर मराठी प्रश्नावलीची छोटी चाचणी, मग प्रयोगाची आखणी, प्रगणकांची तयारी, गणना आणि शेवटी उत्तरांची प्रत्यक्ष वर्तनाशी पडताळणी, अशी पायरी-पायरीने चढण असावी.

या पद्धतीकडून काय अपेक्षा ठेवू नये, हेही स्पष्ट असावे. पैसे मोजण्याची तयारी ही ऐपतीवर अवलंबून असते. नदीकाठच्या झोपडीतील कुटुंब पूर टळण्यासाठी जेवढे देऊ शकते त्यापेक्षा टेकडीवरच्या बंगल्यातील कुटुंब सुंदर दृश्यासाठी अधिक देऊ शकते, यावरून दृश्य पुरापेक्षा मोलाचे ठरत नाही. म्हणून निष्कर्ष उत्पन्नगटांनुसार वेगळे मांडावेत आणि सरासरीच्या आड विषमता दडू देऊ नये. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात निर्णयप्रक्रियेत ग्रामसभांना स्थान देण्याचा आग्रह धरला होता. निवड-प्रतिमान पद्धती अशा लोकसहभागाला पूरक आहे, पर्याय नाही. लोक काय निवडतील हे ती सांगू शकते; त्यांच्यापुढे कोणते पर्याय ठेवले जावेत, हे लोकशाहीनेच ठरवायचे असते.

या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना, अधिकाऱ्यांना आणि कार्यकर्त्यांना एकच विनंती आहे. गणिताचा अभ्यास मनापासून करावा, परंतु प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने स्वतः निवडपत्रे हाती घेऊन किमान काही घरांच्या दारात उभे राहावे, उत्तरे ऐकावीत, प्रश्न सुधारावेत, आणि हाती आलेले निष्कर्ष ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना त्यांच्या भाषेत परत सांगावेत. धनंजयराव गाडगीळ आणि दांडेकर यांच्या पिढीने पुण्यात घालून दिलेला हा शिरस्ता नव्या पद्धतीनेही पाळला पाहिजे; तो पाळला जाईल, तेव्हाच या शास्त्राचा उपयोग लोकांविषयीच्या अंदाजापुरता न राहता लोकांच्या हिताच्या धोरणासाठी होईल.